नऊ काळी गाजरं

त्या घरात गाजर आधी म्हातारीच्या तोंडात जायचं, मग बाकीच्यांच्या. यात मानापमानाचा भाग नंतर आला असेल, मूळ भाग बियाण्याचा होता. थंडी भरात आली की पहिल्या काढणीची गाजरं धुऊन अंगणात पसरायची. म्हातारीने पाटावर बसायचं, सुनेने समोर विळी घेऊन बसायचं. एकेक गाजर उचलून त्याच्या शेपटाची बोटभर चकती कापायची आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवायची. म्हातारी डोळे मिटून चावायची, चोथा बाजूला टाकायची आणि म्हणायची, "खा," नाहीतर म्हणायची, "ठेव." मग शेजारच्या पितळी वाटीतल्या पाण्याने चूळ भरायची, एक घोट गिळायची आणि पुढच्या चकतीसाठी हात पुढे करायची.

"खा" म्हटलेली गाजरं घरात आणि बाजारात जायची. "ठेव" म्हटलेली पुन्हा जमिनीत जायची. त्यांचा पाला वरून चार बोटं ठेवून छाटायचा आणि डोकं मातीत लावायचं. उन्हाळा लागता लागता त्या डोक्यांतून कमरेएवढे दांडे वर यायचे, दांड्यांवर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरायच्या, आणि त्या वाळल्या की तळहातावर चोळून पुढच्या सालाचं बी काढायचं. म्हणजे शेपूट जिभेला आणि डोकं मातीला. ही निवड होईपर्यंत घरातल्या कुणी कच्चं गाजर तोंडाला लावायचं नाही, असा नियम म्हातारीच्या सासूने घालून दिला होता. मोकळं सोडलं तर माणसं सगळ्यात गोड तेच आधी फस्त करतात आणि बियाण्याला मागे उरतं ते भिकार, असं त्या बाईचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं. तिचाच दुसरा नियम असा, की पेरून उरलेलं बी घरात ठेवायचं नाही, कोंबड्यांना टाकायचं, शिळ्या बियाचा भरवसा धरायचा नाही. हा नियमही पुढे अंगाशी येईल, हे त्या बाईला कसं कळणार.

गाजरं काळी होती. वरून काळी आणि कापलं की आत गाभ्यापर्यंत जांभळी. दिवसभर कापायला बसलेल्या बाईची बोटं चार दिवस तशीच राहायची, साबण हरायचा. आणि गोड इतकी, की ज्या पाण्यात उकडली ते पाणीसुद्धा पोरं भांडून प्यायची. आसपास तांबडी, केशरी गाजरं सगळेच लावत होते, पण काळं गाजर म्हटलं की लोक याच घराकडे बोट दाखवायचे. ही कमाई म्हातारीच्या जिभेची होती, आणि म्हातारी ते विसरत नव्हती, दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हती.

यंदा मात्र वावरात भलतंच निघालं. काढणीच्या आधी अंदाज घ्यायला म्हणून म्हातारीच्या मुलाने चार ठिकाणी चार गाजरं उपटली, तर एक काळं, एक पिवळं, एक पांढरंफटक आणि एक असं, की वरून जांभळं आणि मोडलं तर आत लिंबासारखं. तो आधी घाबरला. मग आणखी दहा-बारा उपटली, धुऊन बांधावर ओळीने मांडली आणि त्यालाच ती बघत राहावीशी वाटली. तांबूस होती, फिकट जांभळी होती, एक तर अर्धं पिवळं नि अर्धं वांगी रंगाचं होतं. एकाच वाफ्यात इतके रंग त्याने जन्मात पाहिले नव्हते.

नेमका त्याच वेळी रस्त्यावरून एक मोटार चालली होती. ती थांबली आणि आतून एक गोरटेला माणूस उतरून बांधापर्यंत आला. त्याचं शहराबाहेर मोठं हॉटेल होतं. त्याने वाकून, गुडघ्यावर बसून, शेवटी चक्क मातीत पालथा पडून गाजरांचे फोटो काढले. असले रंग आपण परदेशात ताटात पाहिलेत, असं तो म्हणाला, आणि हे कुणी पिकवलं असं विचारलं. "आम्हीच," असं मुलगा म्हणाला, जणू त्याने ठरवून रंग पेरले होते. हॉटेलवाल्याने नंबर घेतला. आपण मुख्य आचाऱ्याला घेऊन परत येतो, पसंत पडलं तर हे आणि पुढच्या वर्षीचं सगळं वावर आपलं, असं सांगून तो गेला.

मुलगा घरी आला तो हवेतच. त्याच्या डोक्यात सरळ हिशोब होता. वर्षातले सहा महिने तो परगावी दगडाच्या खाणीवर जायचा आणि परत यायचा तो खोकला घेऊन. वावर असं एकहाती उचललं गेलं, तर खाणीचं तोंड पुन्हा बघायला नको. म्हातारीला त्याने फोटो दाखवले. म्हातारीने फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "देतो तो छप्पर फाडून देतो."

सून चुलीपाशी होती. या विषयावर बोलायचं तिने वर्षापूर्वीच सोडलं होतं.

वर्षापूर्वी झालं होतं ते असं. मागच्या हंगामात निवड झाल्यावर घरात गाजरं शिजली आणि पहिल्याच घासाला तिला ती कडवट लागली. फार नाही, जिभेच्या मागच्या बाजूला किंचित. ती सरळ स्वभावाची, बोलून गेली. म्हातारीने ताट सरकवलं. "मी निवडलेलं गाजर कडू? माझ्या सासूने चाळीस वर्षांत एकदा म्हटलं नाही, आणि ही कालची आलेली म्हणते." कालची म्हणजे तेरा वर्षांपूर्वीची. मुलाने दोन घास खाल्ले, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि गोड आहे म्हणाला. त्याला काय लागलं ते त्याचं त्याला माहीत. म्हातारीने ती गोष्ट पाणवठ्यावर नेली, तिथून ती गल्लीत गेली, आणि सुनेचं नाव पडलं कडूबाई. दुकानदारसुद्धा साखर तोलताना म्हणायचा, बघा हं कडूबाई, गोड आहे का. ती हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर नाव आणखी चिकटतं, एवढी अक्कल तिला होती. पण राग गेला नव्हता. नवऱ्याचा तर मुळीच गेला नव्हता.

तिच्या माहेरी कांद्याचं बी धरायचे. दोन जातींचे कांदे शेजारी शेजारी फुलले की माश्या इकडचं तिकडे करतात आणि पुढच्या साली सगळी खिचडी होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तीन सालांमागे शेजारच्या दूधवाल्याने बांधाला लागून जनावरांसाठी पांढरी गाजरं लावली होती. म्हशींना घालायची, भोपळ्याएवढी जाड आणि चवीला पाल्यासारखी. त्यातली काही त्याने काढायचा कंटाळा केला आणि ती तिथेच फुलली. यांची काळी पण तेव्हाच फुलली होती. सुनेने तेव्हाच नवऱ्याला सांगितलं होतं, त्यांची फुलं उपटायला सांगा. नवरा म्हणाला, दुसऱ्याच्या वावरातली फुलं उपटा असं कसं सांगायचं, काही तरी बोलतेस.

आता वावरातले रंग बघून तिला ते सगळं आठवलं. ज्याला सगळे नशीब म्हणत होते ते दूधवाल्याच्या म्हशींचं खाणं होतं. संध्याकाळी ती पाला आणायच्या निमित्ताने वावरात गेली, एक पिवळं उपटलं, पदराला पुसलं आणि नियम मोडून चावलं. तिने ते थुंकलं. पांढरं चावलं, ते त्याहून वाईट होतं, आत लाकडासारखा दांडा आणि घशाला ओढ. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो कुशीवर वळला. "आई चाखेल ना निवडीला. ती ठरवेल."

पण आईचं काय, हाच तर सुनेला प्रश्न होता. काळ्या गाजराची जात अशी बिघडायला पहिलंच साल पुरत नाही. मागच्या हंगामात वावरातली निम्म्याहून जास्त गाजरं चोख असणार, फक्त काही बाटलेली. बाटलेली ती दिसायला थोराड, चकचकीत, चांगल्यांपेक्षा चांगली. चाखणारी जीभ असती तर तिने ती बरोबर बाजूला काढली असती. मग तीच नेमकी बियाण्याला कशी गेली? सून हे मनात घोळवत होती आणि त्याच आठवड्यात एक दिवस दूध उतू गेलं. उतू गेलं, करपलं, सगळ्या घरात वास भरला, ती परसातून धावत आली, आणि चुलीपासून दोन हातांवर म्हातारी निवांत शेंगा सोलत बसली होती. "काय गं, काय झालं धावायला?" म्हातारीने विचारलं.

निवडीच्या दिवशी सकाळी सुनेने पितळी वाटीत मूठभर खडेमीठ टाकलं आणि वरून पाणी ओतलं.

हे तिने धीराने केलं असं सांगता येणार नाही. मन खात होतं. बाहेर अंगणात गाजरांचा ढीग पसरला होता, शेजारपाजारच्या चार बायका रंग बघायला आल्या होत्या, दूधवाला पण आला होता, आपल्याच पापाचं कौतुक करायला. मुलगा सगळ्यांना रंग मोजून दाखवत होता. म्हातारी नवं लुगडं नेसून पाटावर बसली. सुनेने पहिल्या गाजराची शेपटी कापली. वरून जांभळं, आत पिवळा गाभा. म्हातारीने चावलं, डोळे मिटले, थोडं थांबली.

"ठेव."

मग वाटी तोंडाला लावली. चूळ भरली, टाकली. सून बघत होती. दुसरा कुणी असता तर त्याचं तोंड वेडंवाकडं झालं असतं, जोरात थुंकला असता, शिव्या दिल्या असत्या. म्हातारीने एक घोट गिळला, पदराने ओठ टिपले आणि पुढच्या चकतीसाठी हात केला.

असं दुपारपर्यंत चाललं. साठ-सत्तर गाजरं झाली, वाटी निम्मी खाली गेली. लठ्ठ असेल ते ठेव, बारीक असेल ते खा. एकदा वाटी तोंडाकडे नेता नेता म्हातारीचा हात थबकला. पाणी खाली गेलं होतं आणि तळाशी मिठाचे खडे दिसत होते. तिने वाटी थोडी तिरपी केली. खडे एका बाजूला सरकले. तिने मान वर करून सुनेकडे पाहिलं.

त्या क्षणासाठी सून वर्षभर झुरली होती. चार बायका समोर होत्या, नवरा समोर होता. एक वाक्य पुरलं असतं. पण तिने म्हातारीचे डोळे पाहिले. तिने विळी आडवी केली आणि मोठ्याने म्हणाली, "आई दमल्या. उरलेलं उद्या करू."

बायका पांगल्यावर म्हातारी कोठीच्या खोलीत आली. सून तिथे पोती रचत होती. म्हातारीने दार लोटलं आणि पोत्यावर बसली. मग ती तापाचं सांगत बसली. अडीच वर्षांमागे पंधरा दिवस अंगात ताप होता, तो उतरला तो वास आणि चव घेऊनच उतरला. आधी वाटलं येईल परत. मीठ कळेना, तिखट कळेना, नुसती जळजळ कळायची. महिने गेले. निवडीचा दिवस आला तेव्हा तिला पळून जावंसं वाटलं होतं.

"सांगायचं होतंत," सून म्हणाली.

"काय सांगू? गुडघे गेले, डोळे गेले, स्वयंपाक तू घेतलास, व्यवहार त्याने घेतला. या घरात मला विचारतात ते फक्त जिभेसाठी. ती पण गेली म्हणून सांगू?"

"आणि मला कडूबाई केलंत."

म्हातारी लुगड्याचा काठ चिमटीत धरून बसली. "केलं," ती म्हणाली. माफीबिफी तिने मागितली नाही. तिच्या पिढीत सासवा माफी मागत नसत, आणि मागितली असती तरी सुनेला ती कुठे ठेवावी कळलं नसतं. पण नंतर ती जे म्हणाली ते सुनेला माफीपेक्षा मोठं वाटलं. "तू चाख. सगळं वावर चाख. काळं, गोड, असेल तेवढं शोधून काढ. मी नुसती पाटावर बसेन. बी परत आणू आपण, दोन-तीन सालं लागतील."

सुनेला रडू आलं. तेरा वर्षांत त्या घरात तिला कुणी काही शोधून काढायला सांगितलं नव्हतं.

मग तीन दिवस ती चाखत होती. गाजरं कोठीत आणायची, शेपटी कापायची, आधी गाभा बघायचा. पिवळा, पांढरा गाभा दिसला की बाजूला. गाभ्यापर्यंत जांभळं असलं तरच तोंडात. त्यातलीही बहुतेक चावता चावता शेवटी कडू निघत. जीभ बधिर झाली की ती कोरड्या पोळीचा तुकडा चघळायची, बाहेर जाऊन उभी राहायची, पुन्हा आत यायची. ओठ काळे, दात काळे, बोटं काळी. पोटात कळा यायला लागल्या. नवऱ्याने विचारलं तर म्हातारीनेच सांगितलं, माझ्या हाताखाली शिकतेय, शिकू दे. तो खूश झाला. आईने सुनेला जवळ केलं, हॉटेलवाला यायचा आहे, सगळं कसं मनासारखं चाललं होतं त्याचं.

पहिलं चोख गाजर पहिल्या दिवशी दुपारी सापडलं. तिने चावलं आणि चावायची थांबली. तीच चव, लग्न होऊन आली त्या थंडीत पहिल्यांदा खाल्लं होतं तीच. ती धावत म्हातारीकडे गेली आणि चकतीचा उरलेला तुकडा तिच्या हातावर ठेवला. म्हातारीने तो तोंडात टाकला, चावला आणि मान हलवली. "तू म्हणतेस तर असेल," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हजारभर गाजरं झाली होती आणि चोख निघाली होती नऊ. अख्ख्या वावरात नऊ. सुनेने ती टोपलीत ओल्या वाळूत आडवी निजवली, वर ओलं पोतं घातलं. वावरात ती लावायची नाहीत, तिथे दूधवाल्याची माशी येईल, म्हणून परसाच्या पलीकडची, भिंतीआडची पडीक जागा तिने धरली. फुलं धरली की वरून जुन्या लुगड्याचं झाकण करायचं आणि एका छत्रीचं दुसरीला हातानेच लावायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं. जागा मुरमाड होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. दोन दिवस तिने कुदळीने खणलं, दगड वेचले, शेण कालवलं. हाताला फोड आले, फुटले, त्यावर चिंधी बांधून ती खणत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी हातभर अंतराने नऊ खड्डे तयार झाले. फक्त पाणी मारून माती मऊ व्हायची होती. दुपारी लावू असं ती म्हातारीला सांगून गेली होती.

हॉटेलवाला सकाळीच आला.

बरोबर मुख्य आचारी होता, पोट सुटलेला, कमी बोलणारा माणूस. मुलाने अंगणात खाट टाकली, वर चादर, समोर पाटावर मोठ्या ताटात रंगारंगाची गाजरं मांडली. हॉटेलवाल्याने पुन्हा फोटो काढले. हे आमच्या हॉटेलात टेबलावर असं ठेवलं तर लोक आधी फोटो काढतील आणि मग खातील, असं तो म्हणाला. आचाऱ्याने एक पिवळं उचललं, खिशातला चाकू काढला, एक काप तोंडात टाकला. त्याच्या भुवया जवळ आल्या. मग त्याने पांढऱ्याचा काप घेतला आणि तो रुमालात थुंकला. जांभळं, तांबूस, करत करत त्याने पाच चाखली.

"रंग छान आहेत," तो म्हणाला. "पण खाणार कोण?"

हॉटेलवाल्याने स्वतः चाखून पाहिलं आणि फोन खिशात घातला. मुलाचा चेहरा उतरला. त्याने एक काप घाईघाईने तोंडात टाकला, आणि या खेपेला आई समोर असूनही त्याला गोड म्हणता आलं नाही. दारात शेजारच्या बायका उभ्या होत्या, दूधवाला कुंपणावर रेलला होता.

"ही निवडलीत ना तुम्ही? कुणी चाखली होती?" आचाऱ्याने विचारलं.

सगळ्यांच्या माना म्हातारीकडे वळल्या. मुलगा पण बघत होता, आणि त्याच्या बघण्यात आजवर कधी नव्हता तो प्रश्न होता. म्हातारी पाटावरून उठली, गुडघ्यावर हात देत आत गेली.

सून तेव्हा परसात खड्ड्यांवर पाणी मारत होती. नवऱ्याने हाक मारली म्हणून पदराला हात पुसत अंगणात आली, तर म्हातारी कोठीतून बाहेर येत होती आणि तिच्या काखेत टोपली होती. सुनेला आधी कळलंच नाही. मग ओलं पोतं दिसलं.

"आई, ती नको," ती म्हणाली.

"तू पाणी आण पाहुण्यांना," म्हातारी म्हणाली.

ती हलली नाही. म्हातारीने वाळू झटकून नऊ गाजरं ताटात ठेवली. "ही आमची खरी," ती आचाऱ्याला म्हणाली. "ती ताटातली नुसती रंगाला. म्हटलं आधी तुमची पारख बघू." बायका हसल्या. मुलाच्या जिवात जीव आला, त्याला आईचा अभिमान वाटला, ते त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं. म्हातारीने विळी पुढे ओढली आणि शेपटाकडून एक चकती कापून आचाऱ्याला दिली. सुनेने श्वास सोडला. शेपटाचंच कापताहेत, डोकी राहतील, असं तिला वाटलं. आचाऱ्याने चकती चावली आणि त्याचे डोळे मिटले. तो बराच वेळ चावत होता.

"बाई," तो म्हणाला, "मी तीस वर्षं भाज्या कापतोय. असं गाजर खाल्लं नव्हतं."

हॉटेलवाल्याने फोन परत काढला. "आजी, उभी चिरा ना, अशी लांब. गाभ्यापर्यंत रंग दिसू दे. फोटोत मस्त येईल."

म्हातारीचा हात थांबला. तिने सुनेकडे पाहिलं नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं शेपूट जिभेला आणि डोकं मातीला दिलं, तिला उभ्या चिरलेल्या डोक्याचं काय होतं हे कुणी सांगायला नको होतं. तिने गाजर उलटं धरलं, पाल्याचा खुंट वर केला, पात्यावर ठेवला आणि दाबला. गाजर डोक्यापासून शेपटापर्यंत दुभंगलं. मग दुसरं. मग तिसरं. हॉटेलवाला फोटो काढत होता. सून मनात मोजत होती आणि नऊ झाल्यावर तिने मोजायचं थांबवलं.

बोलणी तिथेच झाली. पुढच्या वर्षीचं सगळं वावर हॉटेलला, आणि मुलाने आता खाणीवर जाऊ नये, इथेच लक्ष घालावं, असं हॉटेलवाल्यानेच सांगितलं. आचाऱ्याने जाता जाता म्हातारीला विचारलं, "बी याचंच धरणार ना?"

"याचंच," म्हातारी म्हणाली.

ताटात थोडे काप उरले होते. आचारी भला माणूस असावा, त्याने ताट सुनेपुढे केलं. घरच्या माणसांना काही मिळालंच नाही, घ्या की म्हणाला. मुलगा खुशीत होता, त्याला मस्करी सुचली. "तिला नका देऊ. आमची कडूबाई आहे ती, तिला सगळं कडूच लागतं." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळे तिच्याकडे बघत थांबले.

तिने एक काप उचलला आणि खाल्ला. नवऱ्याचा खोकला तिने सहा वर्षं ऐकला होता. तो यंदा खाणीवर जाणार नव्हता. त्याच्याकडे बघत तिने सावकाश चावलं, गिळलं.

"गोड आहे," ती म्हणाली.

केवढं हसणं झालं. कडूबाई गोड म्हणाली, म्हणजे आता काही राहिलंच नाही, असं दूधवाला कुंपणावरून ओरडला. मुलाने पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवलं, रस्त्याला लागेपर्यंत हात हलवला.

सून परसात गेली. खड्ड्यांतलं पाणी मुरलं होतं आणि माती छान मऊ झाली होती. तिने पायानेच ती आत लोटायला घेतली. एक खड्डा बुजवायचा, दाबायचा, पुढच्यापाशी जायचं. पाचवा चालू होता तेव्हा मागून म्हातारी आली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. ती थोडा वेळ भिंतीला धरून उभी राहिली.

"पोरगा घरी राहील आता," ती म्हणाली. सून माती लोटत राहिली. सहावा खड्डा बुजला. मग म्हातारीने, आजूबाजूला कुणी नाही ना बघून, आवाज खाली आणून विचारलं, "खरंच गोड होतं का गं?"

सुनेने वळून पाहिलं. म्हातारीने मूठ उघडली होती. तळहातावर शेवटचा काप होता, आणि सगळी बोटं जांभळी झाली होती.

"चाखून बघा," सून म्हणाली आणि सातव्या खड्ड्याकडे वळली.

म्हातारीने काप तोंडात टाकला आणि भिंतीला टेकून चावत राहिली. आठवा झाला, नववा झाला, तरी तिचं चावणं संपलं नव्हतं.